हातावरची नावं

चॅपलच्या दारात कार्ड टेकवलं की 'टिक्' होतं.
सत्राला पंचवीस टिक् लागतात, कमी पडल्या तर दंड.
माझ्या अठरा झाल्यात, म्हणजे कागदोपत्री
मी बहात्तर टक्के श्रद्धाळू.

कॅन्ससमध्ये नोव्हेंबरात वारा थांबत नाही.
सपाट जमीन, गव्हाचे बोटभर कोंब,
आणि आमच्या गावाच्या टोकाला धान्याचं उंच कोठार.
बाबा तिथे ट्रकांचं वजन करतात.
वीस वर्षं काट्याशी उभा असलेला माणूस
जेवणाआधीची प्रार्थनाही मापून करतो:
अकरा शब्द, आमेन, बटाटे इकडे सरकव.
लहानपणापासून मोजत आलेय मी.
बारावा शब्द कधी आला नाही.

गोअरिंगबाई आम्हाला लेखन शिकवतात.
माझ्या पहिल्या कवितेतला 'प्रकाश' त्यांनी खोडला,
मग 'कृपा', मग 'आत्मा',
आणि उरलेल्या दीड ओळीखाली हिरव्या शाईनं लिहिलं:
"टर्झा, ताट कसं होतं?"
मी रडले. मग चिडले. मग जाऊन ताट पाहिलं.
फिकट निळं प्लॅस्टिक, काठाला टवका,
मधल्या कप्प्यात वाळून चिकटलेला मक्याचा दाणा.
रोज संध्याकाळी अशी चारशे विसळते मी,
आणि एकही पाहिलं नव्हतं.

मी विसळते, एझ्रा मशीनमध्ये लावतो.
त्यानं देव सोडलाय. गेल्या उन्हाळ्यात,
गाडी चालवताना, हचिन्सनच्या जरा अलीकडे,
कुणी सिगारेट सोडावी तसा.
पण ट्रे सरकवताना तो स्तोत्राचा खर्ज गुणगुणतो,
आजोबांनी शिकवलेला,
आणि माझ्या तोंडून वरचा सूर निघतोच.
चार आवाजांचं गाणं, आम्ही दोघंच,
मधली जागा रिकामी.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

आता ती गोष्ट, जी इतका वेळ टाळली.
जेनेलच्या आईच्या छातीत गाठ सापडली.
कपडे धुण्याच्या खोलीत तिनं सांगितलं, ड्रायर फिरत होता.
"मी प्रार्थना करीन," मी म्हणाले,
निघताना 'येते हं' म्हणावं इतक्या सहज.
आणि विसरले.
मंगळवारी अर्थशास्त्राचा पेपर होता, बुधवारी निबंध.
गुरुवारी रात्री ती धावत आली, गळ्यात पडली:
साधी गाठ निघाली, काही नाही!
"तुझ्या प्रार्थनेमुळे."
मी तिच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं.
"देवाची कृपा," म्हणाले.
खोडलेला शब्द किती सफाईनं परत आला.

त्या रात्री गुडघे टेकले, पण बोलणार काय?
उशिरा पोचलेली चालते का तुला?
का टपालखात्यासारखा शिक्क्यावरची तारीख बघतोस?
हीटर ठकठकला.
हीटरला मी उत्तर म्हणणार नाही;
गोअरिंगबाई खोडतील.

सगळं लिहून काढलं मग, पाच पानं.
जेनेलला अजून दाखवलेलं नाही.
वहीपाशी कबुली देणं सोपं,
वही कधी मिठी सोडवून घेत नाही.

हल्ली कुणी काही सांगितलं
की नाव बॉलपेननं तळहातावर लिहिते.
आज तीन आहेत: बाबा, त्यांची पाठ धरलीय.
जेनेलची आई, बरी असली तरी.
आणि अंगठ्याच्या मुळाशी,
शेजारच्याला दिसू नये इतकं बारीक, एझ्रा.

पाणी कढत, साबण जहाल.
दहाव्या ताटाला बाबा फिकट होतात.
शाई सुटायला लागली की मी ते ते नाव उच्चारते,
घाईघाईनं, ओठातल्या ओठात,
नाल्यात जायच्या आत.

"काय पुटपुटतेस?" एझ्रा विचारतो.
"ताटं मोजतेय."
बाबांचीच मुलगी.
तो हसतो, ट्रे आत ढकलतो, वाफ येते.
त्याचं नाव अजून गेलेलं नाही.
अर्धं आहे.